बाळांना अहो म्हणणाऱ्या बाई

"तू तिकडे कोपऱ्यात उभा राहा," असं मला सांगून बाई माझ्या खांद्यावरच्या मुलीकडे वळल्या आणि अतिशय अदबीने म्हणाल्या, "या, बसा. रिक्षात फार हादरे नाही ना बसले?"

आमच्या मुलीला तेव्हा बसताही येत नव्हतं. मान जेमतेम धरायला लागली होती. मी मात्र एका विमा कंपनीच्या मुलुंड शाखेत बऱ्यापैकी खुर्चीवर होतो. माझ्या हाताखाली माणसं होती आणि घरचे सोडले तर मला कुणी अरे-तुरे करत नसे. तरी मी मुकाट्याने कोपऱ्यात गेलो. तिथे आधीपासून खेळण्यांची एक टोपली आणि एक बंद पडलेला पंखा होता. त्यांच्या शेजारी मी अगदी शोभून दिसत होतो, असं बायकोने नंतर सांगितलं.

बाई सगळ्याच बाळांना अहो-जाहो करायच्या आणि त्यांच्या आईबापांना अरे-तुरे. एकदा धीर करून मी कारण विचारलं. म्हणाल्या, "तुला मी दोन मिनिटांत ओळखला. यांची अजून ओळख व्हायचीय. अनोळखी माणसाला एकदम अगं-तुगं कसं करायचं?" त्यांना स्वतःला मॅडम म्हटलेलं खपत नसे. मॅडम म्हटलं की माणसं जिभेवर इस्त्री फिरवून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

मुलुंड पूर्वेला एका प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर बाईंच्या दोन खोल्या होत्या. खाली मुलं जन्माला येत आणि वर बाई त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते बघत. त्यासाठी एक जाळीदार टोपी होती. तिला लहान लहान स्पंज आणि त्यातून निघालेल्या पुष्कळ वायरी. ती टोपी बाळाच्या डोक्यावर बसवली की मेंदूत जी काही हालचाल चालते तिच्या रेघा पडद्यावर सरकायला लागत. टोचणं नाही, करंट देणं नाही. माझी आई पहिल्यांदा हे ऐकून हादरली होती, तेव्हा बाईंनी तिला सांगितलं, "आजी, ही टोपी काही करत नाही हो, ती नुसती ऐकते. तुमच्या घरात तेवढं करणारं कुणी आहे का?" आई एकदम बाईंच्या पक्षात गेली.

तान्ह्या मुलांना काय लक्षात राहतं, किती दिवस राहतं आणि मग ते जातं कुठे, हा बाईंचा विषय. आपल्याला आपली पहिली दोन-तीन वर्षं का आठवत नाहीत, याचं त्यांना अतोनात कुतूहल. मला ते नव्हतं, कारण मला माझं बारसं आठवत होतं. तसं मी कितीतरी लग्नांच्या पंगतीत सांगितलेलं होतं. हिरव्या साडीतली आत्या, झेंडूच्या माळा लावलेला पाळणा, त्यात जरीचं टोपडं घातलेला मी. हे मी बाईंना मोठ्या दिमाखात सांगितलं. आपला मेंदू त्यांना अभ्यासाला उपयोगी पडेल अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

बाईंनी शांतपणे विचारलं, "त्या आठवणीत तू दिसतोस?"

"हो ना. स्पष्ट. पाळण्यात."

"मग तू बघत कुठून होतास? पंख्यावरून?"

"घरात फोटो असेल," बाई म्हणाल्या. फोटो होता. दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, चाळीस वर्षं लटकलेला. त्यानंतर आमच्या घरी मी कसलीही जुनी गोष्ट सांगायला लागलो की वर्षा, म्हणजे माझी बायको, मान वर करून पंख्याकडे बघते.

आम्ही बाईंकडे गेलो ते मात्र कुतूहलाने नाही. आमची रेवा फार लवकर जन्मली. सातवा महिना नुकता लागला होता, वर्षा ऑफिसला जायला निघाली होती आणि डबा भरता भरता तिला ओट्याशीच बसावं लागलं. जन्मल्याबरोबर रेवाला काचेच्या पेटीत ठेवलं ते कित्येक आठवडे. इतर बायका बाळाला पदराखाली घेऊन घरी जात होत्या आणि वर्षा हात निर्जंतुक करून, पेटीच्या गोल खिडकीतून दोन बोटं आत घालून उभी राहायची. तिथल्या नर्स चांगल्या होत्या, पण सारखं "हळू बोला, हळू बोला" म्हणायच्या. वर्षा हळू बोलायची. मग हळूहळू बोलेनाशीच झाली.

रेवा घरी आली तेव्हा माझ्या आईने भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत संचारबंदीच लावली. टीव्ही बंद, मिक्सर बंद, शेजाऱ्यांना सूचना. कुजबुजल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. रेवा आईच्या मांडीवर गप्प राहायची, मालिश करणाऱ्या मावशींकडे गप्प राहायची, अगदी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडेही. वर्षाने घेतलं की ताठ व्हायची आणि रडायची. एकदा कपडे घडी करता करता वर्षा मला म्हणाली, "तिच्यासाठी मी अजून एक नर्स आहे रे. त्यातल्या त्यात नवी." मी म्हणालो, "काहीतरीच काय?" अशा वेळी मला नेहमी हेच सुचतं.

वर्षा घाटकोपरची. तिचे वडील मिल बंद पडेपर्यंत मिलमध्ये होते, गाव कुडाळकडचं. एरवी ती तुमच्या-आमच्यासारखं मुंबईचं मराठी बोलते, पण राग आला की थेट मालवणी सुरू होतं आणि आवाज असा लागतो की आमच्या बिल्डिंगचा वॉचमन सरळ उभा राहतो. लग्नानंतरची सगळी वर्षं, आणि रेवा पोटात असतानाचे ते महिने तर विशेष करून, तो आवाज मी रोज ऐकला होता. रेवा जन्मल्यापासून तो बंद झाला होता. आणि मला, या शहाण्याला, वाटलं की मातृत्वाने ती मऊ झाली. तसं मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलंही. "बाळ झालं की बायका बदलतात रे," असा अनुभवी सल्ला दिला. त्यातल्या एकाने तर त्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या मुलाचा विचार सुरू केला.

मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की प्रसूतिगृहाच्या वरच्या मजल्यावर एक बाई अशा लवकर जन्मलेल्या मुलांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करतात, हवं तर भेटा. ही तपासणी नाही, उपचार नाही, नुसता अभ्यास आहे, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही दोघांनी ते एकाच वेळी ऐकलं आणि दोघांनी वेगवेगळं ऐकलं. मी ऐकलं की मुलगी हुशार निघणार का ते आत्ताच कळेल. वर्षाने ऐकलं की बाळाच्या डोक्यात आत डोकावणारं कुणीतरी आहे, आणि ती मला ओळखते की नाही ते कळेल. तिला दुसरं काहीच नको होतं.

बाईंकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी कळलं की त्या काहीच सांगत नाहीत. तो त्यांचा कडक नियम होता. आमच्यासारखे सगळेच तिथे परीक्षेला बसवल्यासारखे यायचे. टोपी काढायच्या आत बाप विचारायचा, "कसा गेला पेपर?" एका आजोबांनी पेढे आणले होते. एका आईने शेजारच्या बाळाला किती मिळाले ते विचारलं होतं. बाई सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "तुझं बाळ पास-नापास काही झालेलं नाही. मला मात्र अजून पुष्कळ शिकायचंय. चल, पुढच्या वेळी तेल न लावता आण."

तेल हा बाईंचा मोठा शत्रू. टोपीचे स्पंज डोक्याच्या कातडीला नीट टेकले पाहिजेत, आणि आपल्याकडे टाळू भरल्याशिवाय बाळाला घराबाहेर काढत नाहीत. बाई फोनवर बजावायच्या, मेसेज पाठवायच्या. आया मान डोलवायच्या. आणि निघताना दारात सासू किंवा आई "एवढंसंच" म्हणत वाटीभर तेल जिरवायची. आमच्याकडेही तेच झालं. बाईंनी रेवाच्या डोक्यावरून बोट फिरवलं, वास घेतला, "खोबरेल. घाण्याचं. आजी?" एवढंच विचारलं आणि तिला बेसिनपाशी नेऊन स्वतः न्हाऊ घातलं. न्हाऊ घालताना त्या गाणी वगैरे म्हणत नसत. आज भाजी काय भावाने मिळाली ते सांगत. "गवार काय महाग झालीय बघा. तुम्हाला दात येईपर्यंत उतरेल म्हणा." रेवा त्यांच्याकडे टक लावून बघत राही.

जावळ काढलेलं बाळ आलं की बाईंना सण वाटायचा. तुळतुळीत डोकं, टोपी कशी चपखल बसते. त्यामुळे नवं बाळ नोंदवताना त्या नाव विचारायच्या आधी जावळ कधी आहे ते विचारायच्या. कितीतरी जणांना वाटायचं की बाई धार्मिक आहेत.

दुसरी गंमत साड्यांची. इतकी लहान मुलं एखादी गोष्ट लक्षात ठेवतात ती सुटी ठेवत नाहीत, असं बाई सांगायच्या. भोवतीच्या सगळ्यासकट ठेवतात. पाळण्याचं कापड बदललं तरी शिकलेलं त्यांना सापडत नाही. म्हणून एका बाळासाठी एक साडी ठरलेली. कपाटात साड्यांना बाळांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाचलेल्या. आमच्या वाट्याला मोरपंखी आली होती. लागोपाठ दोन बाळं आली की बाई आतल्या खोलीत जाऊन साडी बदलून यायच्या. खालच्या प्रसूतिगृहातल्या आयाबाया म्हणायच्या, बाईंचं डोकं जरा सरकलंय. बाईंच्या कानावर ते आलं होतं. "सरकलंय तर सरकलंय, साडी नको सरकायला," म्हणून त्या खांद्यावरची पिन घट्ट करायच्या.

मोठ्या माणसांचे चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. आम्हाला त्या बाळांवरून ओळखत. एकदा मुलुंडच्या बाजारात समोरासमोर आलो, तर माझ्याकडे बघून नुसत्याच हसल्या. मी म्हटलं, "बाई, मी रेवाचा बाबा." त्यांचा चेहरा उजळला. "अरे, डाव्या पायाने लाथा मारणाऱ्या! कशा आहेत त्या?"

त्या तेव्हा माझं बोट धरून शेजारीच उभ्या होत्या. मोठ्या शिशूचा गणवेश होता. मी सवयीने सुरुवात केली, "रेवा, ओळख बघू या कोण?" आणि बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य तिथेच सोडलं. लहान मुलांना कुणापुढे तरी उभं करून 'ओळख बघू' म्हणण्याचा त्यांना भयंकर तिटकारा. "ती बिचारी ओळखत नाहीत, तुम्ही हसता, ती ओशाळतात. त्यांनी आपल्याला विसरायचं असतं. त्या वयात डोक्यात बांधकाम चालू असतं रे. आपल्या मुंबईत कसं, जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहिला की जुना पत्ता घेऊन गेलेला माणूस भिरभिरतो. तसं आहे ते. पत्ता मिळत नाही. म्हणून तिथे कुणी राहतच नव्हतं असं नाही." मग वाकून रेवाला म्हणाल्या, "नमस्कार. मी इथे भाजी घ्यायला आलेय." रेवाने मोठ्या माणसासारखा नमस्कार केला. मला त्या क्षणी कबूल करायला हवं होतं की बाईंनी माझ्या मुलीला, मी देतो त्याहून जास्त मान दिला. पण मी "काय भाव आहे हो गवार?" असं काहीतरी विचारलं.

बाई थकल्या आहेत आता. दहिसरला बहिणीकडे राहतात. काम सोडायच्या आधीची काही वर्षं त्या वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाल्या होत्या. रेकॉर्डर घेऊन लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. आईला सांगून-सवरून तो चालू करायच्या आणि डाळ शिजेपर्यंत, दूधवाला येईपर्यंत, नवरा येऊन चपला वाटेत काढेपर्यंत मुकाट बसून राहायच्या. आधी वर्ष-दीड वर्ष जमवलेलं सगळं त्यांनी बाद केलं आणि हे नव्याने मांडलं. त्याला कारण झालो मी. अभ्यासात माझं एवढंच योगदान आहे, पण ते आहे.

झालं असं. रेवासोबतचा बाईंचा पुढचा प्रयोग आवाजाचा होता. बाळाला टोपी घालायची, एकदा आपल्या आईचा आवाज ऐकवायचा, एकदा दुसऱ्या कुणाच्या आईचा, आणि रेघांत काही फरक पडतो का ते बघायचं. आईचा आवाज आत कुठे साठलेला असेल तर मेंदू त्याला वेगळी वागणूक देईल, हा हिशोब. त्यासाठी बाईंनी वर्षाला सांगितलं, "घरी बोलतेस तसं दोन-तीन मिनिटं बोल आणि मोबाइलवरून पाठव. काहीही बोल."

वर्षाने हे ऐकलं आणि रिक्षात घरी येईपर्यंत ती रेवाच्या दुपट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिला हवं होतं ते आता समोर येणार होतं. मी मात्र विचारात पडलो होतो तो वेगळ्या. 'काहीही बोल' म्हणजे काय? मराठी माणसाला माईक दिल्यावर तो काहीही कसं बोलेल? कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेत मी दुसरा आलो होतो. स्पर्धक तीन होते आणि तिसऱ्याचा घसा बसला होता, हे मी सहसा सांगत नाही. एकंदरीत घरात आवाजाचा जाणकार मीच.

मी मजकूर लिहून काढला. सुरुवात होती, 'माझ्या चिमुकल्या जिवा, तुझ्या आगमनाने आमच्या जीवनात आनंदाची पहाट उगवली.'

वर्षाने वाचून विचारलं, "असं कोण बोलतं रे?"

"रेकॉर्डिंग आहे वर्षा. कायम राहणार ते. शिवाय दुसऱ्या बाळांनाही ऐकवणार आहेत."

एरवी तिने तो कागद माझ्याच खिशात कोंबला असता. पण ती नुसती मान हलवून उभी राहिली. मला वाटलं, माझ्या दिग्दर्शनाचा प्रभाव. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, गोधड्या टांगल्या. शेजारच्यांचा कुकर तीनदा आडवा आला. मी हाताने खुणा करत होतो, इथे थांब, इथे चढव, इथे गहिवर. आई दाराआडून "सावकाश, सावकाश" म्हणत होती. घामाघूम होऊन अखेर जे तयार झालं ते मी डोळे मिटून ऐकलं आणि समाधानाने मान डोलावली. आज विचार करतो तेव्हा वाटतं, तो आवाज बँकेच्या फोनवरच्या बाईचा होता. मराठीसाठी एक दाबा, आनंदाच्या पहाटेसाठी दोन.

प्रयोगाच्या दिवशी बाई मोरपंखी साडीत तयार होत्या. मी कोपऱ्यात. वर्षाला त्यांनी रेवाच्या मागच्या बाजूला, ती दिसणार नाही अशी खुर्ची दिली आणि अजिबात बोलायचं नाही असं सांगितलं. सांगायची गरज नव्हती. रेवाला तिरक्या पाळण्यात ठेवून टोपी बसवली. त्या वायरींच्या गुंत्यात तिचा एवढासा चेहरा उरला होता. पेटीतही तिच्या अंगाला अशाच वायरी असायच्या.

स्पीकरवर आनंदाची पहाट उगवली. रेवाने जांभई दिली. मग दुसऱ्या कुणा आईचा आवाज आला. तीही कुणी सुविद्य दिसत होती, कारण ती बाळाला उज्ज्वल भवितव्याच्या शुभेच्छा देत होती. रेवा छताकडे बघत होती. पुन्हा पहाट, पुन्हा भवितव्य. पडद्यावर रेघा सरकत होत्या आणि मी त्यातलं सगळं कळत असल्यासारखी भुवई उंचावून बघत होतो. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. थोड्या वेळाने पुन्हा काढला.

वर्षा त्यांच्याकडेच बघत होती. आवाज संपल्यावर तिने विचारलं, "बाई, काय दिसलं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"नियम आहे म्हणून, की दिसलंच नाही म्हणून?"

"येत नाही म्हणून," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "एकट्या बाळाच्या रेघांवरून हे सांगण्याची विद्या माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही. पुष्कळ बाळांचं एकत्र केल्यावर कुठे थोडंसं काही हाताला लागतं. सांगते म्हटलं तर मी ज्योतिषीण होईन."

"म्हणजे ओळखत नाही ती मला," वर्षा म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. लाइट गेलेत असं सांगावं तसं म्हणाली.

बाई उगाचच वायरी सरळ करायला लागल्या. नेमकं तेव्हाच रेवाने भोकाड पसरलं. टोपी ओली, वेळ झालेली, भूकही असेल. वर्षा खुर्चीतून उठली आणि जागीच थांबली. हात पुढे केले नाहीत. "तुम्हीच घ्या बाई," ती म्हणाली. "मी घेतलं की जास्त रडते."

नवरा म्हणून काहीतरी करायला हवं होतं आणि करण्यासारखं काही सुचत नव्हतं. अशा वेळी पुरुष पाणी पितात. शेजारच्या टेबलावर स्टीलच्या पातेल्यात पाणी होतं, बाजूला पेला. मी पेला बुडवला आणि घटाघटा प्यायलो.

ते टोपी भिजवायचं पाणी होतं. मीठ आणि त्यात बाळाचा शाम्पू. पहिला घोट गेल्यावर थांबता आलं असतं, पण तोंडात घेतलेलं थुंकायचं कुठे या सभ्य विचारात मी पेला संपवला. मग ठसका लागला. तोंडातून फेस आला. मी टेबलाला धरून खोकत होतो आणि नाकातून बुडबुडे निघत होते.

"अरे मेल्या!"

खिडकीची काच थरथरली असावी. निदान मी तरी थरथरलो.

"मेल्या, काय पितंस ता? खयचा पाणी, कसला पाणी, पयला बघूक नको? त्या टोपयेचा पाणी असा ता! डोळे आसत की बटणा लायल्यानी तुका देवान?"

खोलीत एकदम शांतता झाली. मला वाटलं माझे कान बसले. पण नाही, रेवा थांबली होती. रडं अर्धवट सोडून, ओठ तसाच काढलेला, डोळे मोठे करून ती ऐकत होती. मग तिने मान वळवायला सुरुवात केली. ती नुकती धरायला लागलेली मान, वर ती ओली टोपी, त्या वायरींचं ओझं. थोडी वळली, डुगडुगली, पुन्हा वळली. आवाज जिथून आला होता तिकडे.

पडद्यावर रेघांचा नुसता शिमगा झाला होता. मी फेसाळल्या तोंडाने तिकडे बोट दाखवलं. "त्याचं सोड," बाई कुजबुजल्या. "मान हलली की तो गोंधळ होतोच, त्याला काही अर्थ नाही. पडदा काय बघतोस? तिला बघ." आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या समजुतीप्रमाणे, त्या एका बाळाला अहो म्हणायला विसरल्या होत्या.

वर्षा तोंडावर हात ठेवून उभी होती. आवाज बंद झाल्याबरोबर रेवाचा ओठ पुन्हा थरथरला, भुवया लाल व्हायला लागल्या.

"थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "बोल."

"काय बोलू?"

"बोलत होतीस तेच. याला पुरावा म्हणत नाहीत, मी तुला काही लिहून देणार नाही. पण तू बोल. आत्ता बोलली ती कोण, आणि ती रेकॉर्डिंगमध्ये कुठे होती?"

वर्षाने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड सुरू झालं. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला मी बूट शोधत होतो तिथपासून तिने धरलं. साखरपुड्याला मी तिच्या मावशीला काकू समजून पाया पडलो होतो ते आलं. गणपतीला मी सगळे मोदक पाहुण्यांच्या आधी मोजायला बसलो होतो ते आलं. ती कपडे घडी करत असताना मी 'काहीतरीच काय' म्हणालो होतो ते आलं तेव्हा तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं. बोलता बोलता ती एक एक पाऊल पुढे येत होती आणि रेवाची नजर तिच्या तोंडावर चिकटलेली होती. वर्षाने तिला उचललं, टोपीसकट, वायरींसकट. रेवा ताठ झाली नाही. आईच्या गळ्याशी कान लावून, मुठीत मंगळसूत्र धरून, ती माझ्या बापाचा, आजोबांचा आणि सबंध खानदानाचा उद्धार ऐकत राहिली.

मग वर्षाला दम लागला. शब्द संपत आले. ती माझ्याकडे घाबरून बघायला लागली, जणू आता थांबलं तर सगळंच निसटेल.

मी तोंडावरचा फेस पुसला आणि हळूच सांगितलं, "गावाला जाताना मी गॅस चालूच ठेवला होता ना, तो राहिला."